हलकी मोटार आणि तिचे कामगार



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलावयास उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई-भत्ता किंवा संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आजचा आमचा विषय मात्र एक मोटार आहे, आणि तीही हौसेची. दोनच माणसे बसण्याची, उघड्या टपाची, इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरी १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झालेली 'ट्रायम्फ स्पिटफायर'. असल्या गाडीशी युनियनच्या माणसाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, ही गाडी तीन लाखांवर तयार झाली ती कामगारांच्या हातांनी, आणि ती बंद पडली तेव्हा तिच्या मरणाचे खापर फोडण्यात आले तेही त्याच हातांवर. "संपांनी इंग्लंडचा मोटारधंदा बुडवला," हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, या एका गाडीच्या जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब एकदा मांडून पाहावा असे वाटले. तोच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम गाडीची ओळख करून देतो. स्पोर्ट्स मोटार म्हटली की धनिकाची, अवाढव्य इंजिनाची गाडी डोळ्यांपुढे येते. पण इंग्लंडात या जातीची एक धाकटी पाती होती. ती तरुण कारागीर, शिक्षक, कारकून यांच्या खिशाला परवडेल अशा बेताने बांधलेली असे. तिचा सारा जीव हलकेपणात. पहिल्या स्पिटफायरचे वजन सुमारे ७१० किलो होते. आपली अँबॅसडर अकराशे किलोंच्या पुढे जाई. वजन कमी, म्हणून इंजिन लहान चालते. इंजिन लहान, म्हणून पेट्रोल कमी लागते, ब्रेक लहान पुरतात, टायर बारीक पुरतात, आणि या सर्वांमुळे किंमत खाली येते. पहिल्या गाडीचे इंजिन अवघे ११४७ सी.सी.चे आणि ६३ अश्वशक्तीचे होते, तरी चालवणाऱ्यास वेगाचा आनंद मिळे. बसण्याची जागा रस्त्याला इतकी लगटून की, ताशी पन्नास मैलांचा वेग सत्तरासारखा भासावा. दुसऱ्या महायुद्धात ज्या लढाऊ विमानांनी इंग्लंडचे आकाश राखले त्यांचे नाव या गाडीला दिले होते. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँबवर्षावात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीत त्या नावाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

आता ही गाडी आली कोठून ते पाहू. कॉव्हेंट्रीची स्टँडर्ड मोटार कंपनी १९०३ सालची. डबघाईस आलेली ट्रायम्फ कंपनी तिने महायुद्धाच्या अखेरीस विकत घेतली. पन्नाशीच्या दशकात या कंपनीपुढे विचित्र अडचण उभी राहिली. मोटारीचे पत्र्याचे अंग बनवून देणारे मोठे कारखाने एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले, आणि अखंड अंगाची नवी गाडी बनवून देणारा कोणी उरला नाही. तेव्हा स्टँडर्डच्या इंजिनियरांनी जुन्या पद्धतीचा आधार घेतला. खाली स्वतंत्र चासी, आणि वर निरनिराळ्या ठिकाणी बनवून आणलेले अंगाचे भाग बोल्टांनी आवळून बसवायचे. अशी १९५९ साली 'हेरल्ड' ही गाडी निघाली. तिची आकृती तुरीन शहरच्या जोव्हानी मिकेलॉट्टी या इटालियन कलावंताने रेखली होती.

हेरल्डचे नाव आपल्याला परके नाही. १९६१ पासून तीच गाडी मद्रासजवळच्या कारखान्यात 'स्टँडर्ड हेरल्ड' या नावाने तयार होऊ लागली. रस्त्यावर अँबॅसडर, फियाट आणि हेरल्ड अशा तीनच जातींच्या गाड्या दिसत तो तो काळ. पुढे आपल्याकडे तिला चार दरवाजे बसवले गेले. खुद्द इंग्लंडात चार दरवाजांची हेरल्ड कधी निघाली नाही. स्पिटफायर ही या हेरल्डचीच धाकटी बहीण. हेरल्डची चासी आखूड केली, पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर साडेएक्याण्णव इंचांवरून त्र्याऐंशी इंचांवर आणले, तेच इंजिन थोडे तेज केले, आणि वर मिकेलॉट्टीने नवे, खालच्या चणीचे अंग चढवले. बॉनेट आणि पुढचे दोन्ही पंख मिळून एकच तुकडा. तो पुढे कलवला की चाके, इंजिन, सुकाणू सारे उघडे पडे, आणि मेकॅनिक टायरवर बसून काम करी. घरातले धान्य वापरून सणाचे पक्वान्न करावे, तशी ही गाडी नेहमीच्या गाडीच्या सामानातून घडली. ती स्वस्त राहिली याचे रहस्य हेच.

मात्र ती जन्माला येण्यापूर्वीच मरायची होती. नमुन्याची गाडी तयार झाली त्या सुमारास कंपनीचे पैसे संपले, आणि नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवण्यात आला. १९६१ साली लेलँड कंपनीने स्टँडर्ड-ट्रायम्फ विकत घेतली. आपल्याकडे अशोक लेलँडच्या मालमोटारींवर जे नाव आपण वाचतो, तीच ही लँकेशायरची लेलँड. नव्या मालकांची माणसे कारखाना पाहत फिरत असता ते कापड उचलले गेले, खालची गाडी त्यांना आवडली, आणि उत्पादनास मंजुरी मिळाली, अशी हकीकत या गाडीच्या इतिहासकारांनी नमूद केली आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात स्पिटफायर लोकांपुढे आली. १९६५ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत तिने आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला. तिची निम्म्याच्या आसपास गिऱ्हाइके समुद्रापलीकडे अमेरिकेत होती, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता जेथे ही गाडी जुळवली जाई त्या कॅनली येथील कारखान्यातील माणसांकडे वळू. युद्धानंतर स्टँडर्डच्या कारखान्यांत 'गँग' पद्धत रुजली होती. आपल्याकडे उक्त्या कामात प्रत्येकाचे नग निराळे मोजतात. तेथे बोनस ठरे तो साऱ्या गँगच्या मिळून झालेल्या उत्पादनावर, आणि तो गँगमधल्यांत वाटला जाई. कोणी कोठे उभे राहावयाचे, काम अडले तर कोणी धावून जावयाचे, हे बरेचसे गँग आणि तिने निवडलेला प्रतिनिधी, ज्याला तेथे शॉप स्टुअर्ड म्हणतात तो, आपसांत ठरवीत. सेमूर मेलमन या अमेरिकन प्राध्यापकाने या कारखान्याचा अभ्यास करून १९५८ साली ग्रंथ लिहिला. मजुरी उंच आणि देखरेख करणारे साहेब थोडे असूनही उत्पादन उत्तम होऊ शकते, असे त्याचे अनुमान होते. आम्ही हा दाखला मुद्दाम देतो, कारण इंग्रज मोटार-कामगार म्हणजे चहाच्या सुट्टीसाठी यंत्र बंद करणारा आळशी माणूस, असे चित्र पुष्कळांच्या मनात आहे. ज्या शहरात स्पिटफायर तयार झाली त्या शहराचा पूर्वेतिहास असा नव्हता.

तंटे नव्हते असे नाही. १९५६ साली कंपनीने ट्रॅक्टरच्या कारखान्यात नवी स्वयंचलित यंत्रे बसवण्यासाठी हजारो माणसे घरी बसवण्याचे ठरवले, तेव्हा मोठा संप झाला. भांडण यंत्रांशी नव्हते. यंत्र आल्यावर माणसाचे काय, या प्रश्नाशी होते. पुढे सत्तरीच्या दशकाच्या आरंभी गँग आणि उक्ता दर मोडून, इंजिनियरने घड्याळ लावून काम मोजावयाचे आणि रोजावर ठरीव वेतन द्यावयाचे, अशी पद्धत आली. रोजची मजुरी बांधली गेली, पण कामावरचा कामगाराचा अंमल गेला. त्यानंतर तंटे पैशांऐवजी वेगावर आणि माणसांच्या संख्येवर होऊ लागले. आमच्या कामाच्या अनुभवावरून सांगतो, या दुसऱ्या जातीचे तंटे मिटवणे फार कठीण. पैशाच्या तंट्यात मधला आकडा निघतो. माणसाच्या श्वासाचा मधला आकडा निघत नाही.

गाडीतही एक दोष होता. मागच्या चाकांना आधार देणारी एकच आडवी पाट्यांची कमान होती आणि दोन्ही अर्धे आस मधल्या डब्यापासून खालीवर हलत. जोरात वळण घेताना चालकाने एकदम पेट्रोल सोडले तर मागचे अंग उचलले जाई, चाके आत मुडपत, आणि गाडी हातातून निसटे. हेरल्डपासून वारशाने आलेला हा दोष जाणकारांना ठाऊक होता. त्यावरचा सोपा उपाय, म्हणजे कमानीचे बहुतेक पाटे मध्यावर मोकळे ठेवण्याचा, १९७० च्या चौथ्या आवृत्तीत आला. आठ वर्षे लागली. हा विलंब जुळणीच्या रांगेवरील कामगाराने केलेला नव्हता.

१९६८ साली या कथेला निर्णायक वळण लागले. लेलँड आणि तिची मोठी प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटार होल्डिंग्ज या दोन कंपन्या एकत्र होऊन ब्रिटिश लेलँड निर्माण झाली. स्पिटफायरची जन्माची सवत होती 'एमजी मिजेट'. ती १९६१ पासून ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या लहान गावी तयार होत असे. तीही नेहमीच्या घरगुती गाड्यांच्या सामानातूनच निपजलेली. दोघींची किंमत जवळपास एक, गिऱ्हाईक एक, आणि आता मालकही एक. शहाण्या मालकाने अशा वेळी काय करावे? दोन्ही कारखान्यांतील उत्तम माणसे एकत्र बसवून एक नवी गाडी काढावी. तसे झाले नाही. दोन्ही गाड्या तशाच चालू राहिल्या, आणि १९७४ साली खर्च वाचवण्यासाठी ट्रायम्फचे १४९३ सी.सी.चे इंजिन दोघींच्याही पोटात बसवण्यात आले. बाजारात दोघींचे भक्त एकमेकांशी वाद घालीत होते, आणि बॉनेटखाली हृदय एकच होते.

या इंजिनाची वंशावळ ऐकण्यासारखी आहे. १९५३ सालच्या 'स्टँडर्ड एट' या साध्या गाडीसाठी ते ८०३ सी.सी.चे म्हणून जन्मले. मग ९४८, मग ११४७, मग १२९६, आणि शेवटी १४९३. क्रँकशाफ्टला आधार मात्र पहिल्यापासून अखेरपर्यंत तीनच बेअरिंगांचा. लहानपणी शिवलेला सदरा उसवून उसवून वाढत्या मुलाला घालावा, तसे हे इंजिन वाढवत नेले. १५०० ची शक्ती ७१ अश्वांची झाली आणि गाडी ताशी शंभर मैलांपर्यंत पोचू लागली; पण फार दामटली तर खालची बेअरिंगे झिजत. अमेरिकेत धुराचे आणि टकरीतील सुरक्षिततेचे नियम कडक झाले, तेव्हा तिकडे जाणाऱ्या गाड्यांची शक्ती घटली आणि बंपर जड झाले. मिजेटला काळ्या रबराचे बोजड बंपर लावून तिची उंचीही वाढवली. नियम योग्यच होते. श्वास घेणाऱ्यांच्या आणि रस्त्यावर चालणाऱ्यांच्या हिताचे होते. पण जुन्या गाडीला ठिगळे लावून ते पाळता येतात, नव्या गाडीसारखे पेलता येत नाहीत. हलकी म्हणून जन्मलेली स्पिटफायर अखेरीस आठशे किलोंच्या आसपास आली.

आता मूळ आरोपाकडे येऊ, आणि आरोपकर्त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडू. ब्रिटिश लेलँडमध्ये सत्तरीच्या दशकात संप फार झाले यात शंका नाही. एका छताखाली अनेक युनियन, प्रत्येक धंद्याचा वेगळा गट, एकाच्या वेतनवाढीवरून दुसऱ्याचा तंटा. दरवाजाच्या कड्या बनवणारे थोडे लोक बसले की हजारो माणसांचे काम थांबे. कित्येक संप युनियनच्या मंजुरीवाचून झाले. सरकारने १९७५ साली कंपनी ताब्यात घेतली तरी हे थांबले नाही. लिव्हरपूलजवळच्या स्पीक येथील कारखान्यात १९७७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेला संप सुमारे चार महिने चालला. तेथे ट्रायम्फची 'टीआर ७' तयार होत असे. मे १९७८ मध्ये तो कारखाना कायमचा बंद झाला. चळवळीतल्या माणसांनी या गोष्टी लपवू नयेत. ज्या संपाचे कारण शेजारच्या खात्यातल्या कामगारालाही पटवता येत नाही, तो संप आपल्याच लोकांचे बळ खातो.

पण आता ॲबिंग्डनचा दाखला पाहा. तेथे एमजीचा कारखाना १९२९ पासून होता. जुळणीची रांग यंत्राने ओढली जात नसे. माणसे गाड्या हाताने पुढे ढकलीत. बापामागून मुलगा कामाला लागे. मालक-मजुरांतील सलोख्याबद्दल हा कारखाना साऱ्या कंपनीत नावाजलेला होता. तेथले काम थांबे ते बहुधा दुसरीकडून येणारे सामान अडले म्हणून. सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने एमजीच्या वास्तव्याचा सुवर्णमहोत्सव साजरा केला. मिरवणूक निघाली, जुन्या गाड्या सजवून आणल्या. महोत्सवाच्या पाठोपाठ, सोमवार १० सप्टेंबर रोजी, कंपनीने गाशा गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला. ऑक्टोबर १९८० मध्ये दारे बंद झाली. मधल्या काळात दुसऱ्या एका मोटार कंपनीच्या प्रमुखाने भांडवलदारांचा गट जमवून कारखाना विकत घेण्याचा प्रयत्न केला, तोही फसला.

संप करणारे स्पीक १९७८ साली बंद झाले, आणि सलोख्याचे ॲबिंग्डन १९८० साली बंद झाले. दोन रोग्यांपैकी एक दारू पिणारा, दुसरा निर्व्यसनी. दोघेही एकाच आजाराने गेले, तर शहाणा वैद्य केवळ दारूला दोष देऊन थांबत नाही.

मग आजार कोणता? दोन कारणे आम्हाला मुख्य दिसतात. पहिले चलनाचे. १९७७ च्या आरंभी एका पौंडाला सुमारे १ डॉलर ७० सेंट मिळत. १९८० च्या शरद ऋतूत २ डॉलर ४० सेंट मिळू लागले. उत्तर समुद्रातील तेल आणि सरकारने चढवलेले व्याजाचे दर, यांमुळे पौंड वधारला होता. ज्या गाडीचे निम्मे गिऱ्हाईक अमेरिकेत, तिच्यावर याचा परिणाम काय झाला असेल? अमेरिकेतली किंमत तीच ठेवावी तर पौंडात हाती येणारी रक्कम सुमारे सत्तर टक्केच उरे, इतकी घसरण. किंमत चढवावी तर गिऱ्हाईक पळे. हा दर ठरवणारे लंडनच्या बँकांत आणि मंत्रालयात बसले होते. कॅनलीच्या रांगेवर नव्हते.

दुसरे कारण त्याहून खोल. १९८० साली बाहेर पडणाऱ्या स्पिटफायरचे इंजिन सत्तावीस वर्षांच्या घराण्याचे होते आणि चासी एकवीस वर्षांची. तिच्या जागी येणारी लहान, स्वस्त, हलकी गाडी काढण्यासाठी कंपनीने पैसाच घातला नाही. जो काही पैसा होता तो मोठ्या टीआर ७ मध्ये गेला, आणि तीही १९८१ साली संपली. कामगार वेळेवर येईल, रात्रपाळी करील, चांगले जोडील. पण कागदावर न काढलेली गाडी तो जोडू शकत नाही.

१९७९ च्या अखेरीस कंपनीचे प्रमुख मायकेल एडवर्ड्स यांनी कारखाने बंद करण्याची आणि सुमारे पंचवीस हजार माणसे कमी करण्याची योजना थेट कामगारांच्या मताला टाकली. मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ८७ टक्के लोकांनी तिला होकार दिला. विरोधाचे पत्रक काढणारे लाँगब्रिजचे कामगारनेते डेरेक रॉबिन्सन यांना १९ नोव्हेंबर १९७९ रोजी कामावरून काढले. फेब्रुवारी १९८० मधील प्रचंड सभेत त्यांच्यासाठी संप करण्यास कामगारांनी बहुमताने नकार दिला. म्हणजे स्पिटफायर मेली ती संपाच्या भरात मेली नाही. कामगारांनी मालकाच्या योजनेला होकार दिल्यानंतरच्या वर्षी मेली. ऑगस्ट १९८० मध्ये शेवटची गाडी कॅनलीहून बाहेर पडली. ती पिवळ्या रंगाची होती. ती कोणाला विकली गेली नाही. गेडन येथील मोटार-संग्रहालयात ती जपून ठेवली आहे. एकूण गाड्या भरल्या सुमारे ३ लाख १४ हजार.

असल्या गाड्यांचे दिवसच संपले होते, असेही कोणी म्हणतात. १९८९ साली जपानच्या माझदा कंपनीने दोन बसण्याची, उघड्या टपाची, हलकी गाडी काढली. जुन्या इंग्रजी गाड्यांचा तो उघड उघड आदर्श पुढे ठेवून काढली. २०१६ साली त्या गाडीचा दहा लाखावा नग तयार झाला. म्हणजे गिऱ्हाईक गेले नव्हते. गिऱ्हाइकाला हवी ती गाडी नव्याने काढणारा मालक तेवढा इंग्लंडात उरला नव्हता.

आमचा निवाडा असा. बेशिस्त संपांनी या धंद्याला जखमा केल्या, हे खरे. पण जखमेने माणूस मरतोच असे नाही. अन्न तोडले तर मात्र मरतो. या गाडीचे अन्न म्हणजे नवे संशोधन, नवी यंत्रे, नवा आराखडा. ते वीस वर्षे तोडले गेले. आपल्या मुंबईतही १९८२ च्या गिरणी संपाविषयी हाच वाद आजवर चालू आहे. तेथेही संपाचे गुणदोष तोलण्याआधी, नफ्यातला किती पैसा नव्या मागांत गेला आणि किती दुसरीकडे, हा प्रश्न विचारला पाहिजे.

इंग्रज कामगारांची खरी उणीव आम्हाला निराळी दिसते. त्यांनी पगार किती, हे विचारले. उद्या काय बनवणार, हे फारसे विचारले नाही. विचारणारे अगदीच नव्हते असे नाही. १९७६ साली विमानांचे सामान बनवणाऱ्या लुकास एरोस्पेस कंपनीच्या कामगार-प्रतिनिधींनी, आपल्या कारखान्यांत आणखी कोणत्या उपयुक्त वस्तू बनवता येतील याची सविस्तर योजना स्वतः तयार करून मालकांपुढे ठेवली होती. मालकांनी ती स्वीकारली नाही. तरी यंत्रावर उभा असलेला माणूस वस्तूचाही विचार करू शकतो, हे तिने सिद्ध केले. आपल्या गावातही कारखाने आहेत. तेथे नोकरी करणारी आपली मुले संध्याकाळी घरी आली म्हणजे आपण पगार विचारतो, पाळी विचारतो. त्याबरोबर एवढेही विचारावे की, तुमच्या कारखान्यात नवीन काय चालले आहे? यंत्र किती वर्षांचे आहे? पुढच्या पाच वर्षांत काय बनणार? उत्तर मिळाले नाही, तर काळजीला खरे कारण आहे असे समजावे; मग कारखान्यात संप असो वा नसो.